बंब बाहेरच का असायचा?

पोस्ट मोठी आहे. पण थंडी सुरू झालीय, म्हणून आत्ताच लिहितोय. ज्यांच्या घरात गॅस गिझर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

गेल्या मंगळवारी एक फोन आला. पाचगणीच्या बाजूला एकांचं होमस्टे तयार होतंय.

"मिस्त्री, आजोळचा जुना तांब्याचा बंब मिळालाय. चकचकीत करून द्या आणि बाथरूममध्ये बसवून द्या. पाहुण्यांना जुन्या काळचा फील आला पाहिजे."

मी विचारलं, "बाथरूममध्ये म्हणजे आत?"

"आतच. फोटोत दिसायला नको का?"

मी म्हटलं, "साहेब, बंब नवा करून देतो. पण आत बसवणार नाही. बाहेरच्या भिंतीला लागून छोटी पडवी काढू, बंब तिथे ठेवू, गरम पाण्याचा नळ आत घेऊ."

"अहो, तुम्ही बसवायचं काम करा. बाकीचं आम्ही बघतो. तुम्हाला पैशाशी मतलब."

मी नाही म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

आठ हजारांचं काम गेलं. त्याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण "तुम्हाला पैशाशी मतलब" हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मी साताऱ्याचा. आयटीआय फिटर, दोन वर्षांचा ट्रेड. नंतर एका कंपनीत अप्रेंटिस, मग तिथेच अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. २०१२ला कंत्राट पुढे वाढवलं नाही आणि घरी बसलो. आता प्लंबिंग करतो आणि जुने बंब, जुन्या बंगल्यांतली धुराडी, फायरप्लेस दुरुस्त करतो. हे दुसरं काम करणारे आमच्या भागात फार नाहीत, म्हणून वाईपासून महाबळेश्वरपर्यंत फिरणं होतं.

नवीन पोरांना बंब म्हटलं की आगीचा बंब आठवतो. म्हणून आधी बंब म्हणजे काय ते सांगतो.

तांब्याचं उभं गोल भांडं. त्याच्या बरोबर मधून खालपासून वरपर्यंत एक नळकांडं गेलेलं. खाली जाळी. नळकांड्यात वरून सरपण टाकायचं, गोवरीचे तुकडे, चिपाडं, करवंट्या, जे असेल ते. राख जाळीतून खाली पडते आणि खालून हवा आत खेचली जाते. म्हणजे विस्तव मधे आणि पाणी त्याच्या चारही बाजूंनी. चुलीवर पातेलं ठेवलं तर अर्धी आच बाजूने निघून जाते. इथे जाळ पाण्याच्या पोटातच असतो. त्यात तांबं. तांब्यातून उष्णता स्टेनलेस स्टीलच्या मानाने वीसेक पट सहज जाते. म्हणून चार काटक्यांत घरभराच्या अंघोळी उरकायच्या.

आमच्या आजीचा बंब मागच्या अंगणात, न्हाणीच्या भिंतीबाहेर असायचा. पहाटे पाचला ती तो पेटवायची. आम्ही पोरं शाळेआधी त्याच्याभोवती उकिडवी बसून हात शेकायचो. पाणी काढलं की तेवढंच गार पाणी वरून ओतायचं, हा घरातला कायदा. "बंब रिकामा ठेवशील तर बघ," असं ती ओरडायची. का ते तेव्हा कळत नव्हतं. आणि बंब अंगणातच का, न्हाणीत का नाही, हे तर कधी विचारलंही नाही. थंडीत कुडकुडत बादली आत न्यायला लागायची, तेव्हा वाटायचं की म्हाताऱ्या माणसांना सोय कळत नाही.

२०१२ साली मी घरी बसलेलो असताना तोच बंब गळायला लागला. घरात गिझर आलेला होता. वडील म्हणाले, मोडीत देऊ. भांड्याच्या दुकानात नेला. त्यांनी काट्यावर ठेवला, वजन केलं आणि मोडीचा भाव सांगितला. बदल्यात स्टीलचा डबा-पातेल्यांचा सेट घ्या म्हणाले. आमच्या पिढीच्या बहुतेक घरांतलं तांबं-पितळ असंच गेलं. काट्यावर फक्त धातूचं वजन होतं. बनवणाऱ्याच्या हाताचा त्यात एक पैसा धरत नाहीत.

मला का कोण जाणे, देववेना. एका ओळखीच्याने सांगितलं, पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे विचार. एसटीच्या टपावर बंब टाकून गेलो.

तांबट आळीत पाऊल टाकलं की आधी आवाज येतो. ठक-ठक-ठक, एका लयीत, दहा दारांतून. पेशवाईपासून हे लोक इथे आहेत असं सांगतात. आता त्यातली थोडीच घरं हे काम करतात. ज्यांच्याकडे मी गेलो ते काका तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी बंबावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि गळती कुठे आहे ते पाणी न भरता सांगितलं.

मी म्हटलं, "काका, मी फिटर आहे. मला शिकवता?"

ते म्हणाले, "आमची पोरं शिकत नाहीत, तू कशाला शिकतोस?"

तरी शिकवलं. जवळजवळ दीड वर्ष मी आठवड्यातले तीन दिवस पुण्याला जात होतो. जाण्यायेण्याचा खर्च मीच करायचो. पगार नव्हता, दुपारचं जेवण असायचं.

पहिल्याच दिवशी आयटीआयमध्ये शिकलेलं उलटं झालं. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे आम्हाला पाठ. काकांनी तांब्याचा पत्रा लाल केला, पाण्यात टाकला, बाहेर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, वाकव. हाताने वाकला. तांबं असं तापवून मऊ करायचं, मग ठोकायचं. ठोकताना ते परत कडक होत जातं, की परत तापवायचं. घाई केली, कडक झालेल्या पत्र्यावर तसंच ठोकत राहिलं, की तो चिरतो. भांड्यावर जे एकसारखे गोल गोल ठसे दिसतात ते मठारकाम. लोकांना ती नक्षी वाटते. त्या ठोक्यांनी पत्रा ताठ होतो आणि भांडं पोचत नाही.

बंब दुरुस्तीचं काम थोडक्यात असं. आधी आतला क्षार काढायचा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, दहा-वीस वर्षांत आत पांढरा थर बसतो. त्या थरातून उष्णता जात नाही, मग लोक जास्त सरपण घालतात आणि म्हणतात बंब बिघडला. लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्याने थर सुटतो. छिन्नी घालून ठोकायला गेलात तर तांबंच फाटतं. मग हिरवा कळंक साफ करायचा, चिंच-मिठाने किंवा पावडरने. मग पाणी भरून गळती शोधायची. गळती बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडते. नळकांडं खाली जिथे जोडलेलं असतं तिथे, आणि तोटीपाशी.

जोड पितळेच्या झाळकामाने करायचा. टाकणखार लावायचा, पितळेचे कण टाकायचे, आच द्यायची, पितळ वितळून फटीत शिरतं. याला भट्टी पाहिजे, वेळ पाहिजे, आणि आच किती झाली हे रंगावरून ओळखायला डोळा पाहिजे, कारण थोडं पुढे गेलं की तांबंच वितळतं. तांबं १०८५ अंशाला वितळतं आणि पितळ त्याच्या दीडेकशे अंश खाली. म्हणजे चुकायला जागा तेवढीच. म्हणून बाजारात बरेच जण कथील-शिशाचा डाख लावून देतात. तो दोनशे अंशांच्या आतच वितळतो. पाणी भरलेलं असेपर्यंत टिकतो, एकदा रिकाम्या बंबाला जाळ लागला की जोड सुटला. आजी का ओरडायची ते मला तिशीत कळलं.

अजून एक चूक कायम दिसते. तांब्याच्या बंबाला लोखंडी जीआयचा तुकडा आणि साधी तोटी बसवतात. दोन वेगळे धातू आणि पाणी एकत्र आले की लोखंड गंजून जातं. तोटी पितळेचीच पाहिजे.

हे सगळं मी कौतुकाने सांगतोय, पण गैरसमज नको. गिझर टाका आणि घरोघरी बंब आणा असं मी अजिबात म्हणत नाही. लाकडाचा धूर छातीला वाईटच असतो. आजीचा खोकला मी ऐकलाय. शहरात दाटीवाटीच्या वाड्यात रोज बंब पेटवणं शेजाऱ्यांवर अन्याय आहे. गच्ची असेल तर सोलरसारखं काही नाही. मी हे काम करतो ते ज्यांच्या फार्महाऊसवर, शेतावर, जुन्या बंगल्यात बंब वापरात आहे त्यांच्यासाठी.

बंगल्यांचंही सांगतो. महाबळेश्वर-पाचगणीला ब्रिटिश काळातले जांभ्या दगडाचे बंगले आहेत. त्यांत खोलीत फायरप्लेस आणि छपरातून वर गेलेलं धुराडं असतं. बरेच वर्षं बंद. आता हौसेने कुणी विकत घेतलं की पहिलं म्हणतात, फायरप्लेस चालू करून द्या.

महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. धुराड्यावरची टोपी गेली असेल तर आतला चुना धुऊन गेलेला असतो, पाकोळ्यांची घरटी असतात, पानांचा कुजलेला बोळा असतो. एका बंगल्यात मी दीड पोतं कचरा काढला. काढल्यावर वर्तमानपत्राचा बोळा पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरायचा. ज्योत वर ओढली गेली तर ठीक. खोलीकडे वाकली तर धुराडं ओढत नाही, मग कितीही सुंदर दिसत असलं तरी पेटवायचं नाही. मग भिंतीतल्या चिरा तपासायच्या, कारण धूर शेजारच्या झोपायच्या खोलीत निघतो. या कामाला दोन दिवस लागतात आणि शेवटी दिसायला काहीच नवीन नसतं. गिऱ्हाईक विचारतं, "दोन दिवस काय केलंत?" पॉलिश केलेलं दिसतं, मोकळं केलेलं धुराडं दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. आजपर्यंत ही मी घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

डिसेंबर २०१९. एका होमस्टेच्या मालकाने असंच सांगितलं होतं, बंब आत बसवा. मला तेव्हा काम हवं होतं. मुलगी झाली होती, टेम्पोचा हप्ता होता. मी एकदा म्हटलं, "आत नको." ते म्हणाले, "व्हेंटिलेटर आहे ना." आठ बाय पाचचं बाथरूम, वर काचेच्या पट्ट्यांचं व्हेंटिलेटर. मी बंबाच्या नळकांड्याला एक पाईप जोडला, कोपर दिलं आणि व्हेंटिलेटरमधून बाहेर काढला. मनात माहीत होतं की पाईप आखूड आहे, छपराच्या वर जायला पाहिजे. पण पैसे घेतले आणि आलो.

दोन गोष्टी नंतर झाल्या, ज्या मला माहीत नव्हत्या. लाकडाच्या धुराने भिंत काळी होते म्हणून तिथल्या माणसाने लोणारी कोळसा वापरायला सुरुवात केली. आणि थंडी वाजते म्हणून कुणीतरी व्हेंटिलेटरवर प्लॅस्टिक लावलं.

कोळशाला धूर नसतो, म्हणून तो लोकांना सुरक्षित वाटतो. तोच जास्त धोक्याचा. निखारा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पाय जातात. कधी कधी शुद्ध असते, कडी समोर दिसते, पण हात उचलत नाही.

मुंबईहून आलेल्या एक ताई अंघोळीला गेल्या होत्या. मग पडल्याचा आवाज आला म्हणून त्यांचे मिस्टर धावले. हाका मारल्या, उत्तर नाही. दार तोडलं. अंगणात आणून टाकलं, मोकळ्या हवेत थोड्या वेळाने डोळे उघडले. मग दवाखान्यात ऑक्सिजन लावला. दोन दिवसांनी घरी गेल्या. वाचल्या.

त्या जोडप्याबरोबर चार वर्षांचा मुलगा होता. त्याला आधी अंघोळ घालायचं ठरलं होतं. तो झोपला होता म्हणून राहिलं.

मला संध्याकाळी फोन आला. मालक म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही बसवलं होतं." मी म्हटलं, "मी नको म्हणालो होतो." ते म्हणाले, "मग बसवलं कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पोलिसांत काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो, बंब बाहेर काढला, पैसे परत दिले. पण त्या रात्री मला आजीचा बंब दिसत होता, भिंतीच्या बाहेर, अंगणात. तिला कार्बन मोनॉक्साइड हा शब्द माहीत नव्हता. शेकडो वर्षं कुणाकुणाच्या घरात माणसं गेली असतील, तेव्हा कुठे "बंब बाहेर ठेवायचा" ही रीत झाली असेल. आणि मी आयटीआय केलेला, दीड वर्ष तांबटाकडे राबलेला माणूस, एका फोटोसाठी तो आत घेऊन बसलो.

आता गॅस गिझरकडे येतो, कारण बंब थोड्यांकडे आहे, गॅस गिझर घरोघरी आहे. दर थंडीत पेपरात बातमी येते, बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू. आपण हळहळतो आणि पान उलटतो. कारण तेच असतं. गॅस जळायला हवा लागते. बंद बाथरूममध्ये गिझर आधी ऑक्सिजन खातो आणि मग अर्धवट जळून तोच विषारी वायू सोडतो. गिझर जुना, बर्नर काजळलेला, एकामागून एक चार जणांच्या अंघोळी, आणि थंडी म्हणून खिडकी बंद. एवढं जुळून आलं की झालं.

मी इतक्या बाथरूममध्ये जातो. निम्म्या ठिकाणी गिझर आत असतो. विचारलं की सांगतात, "कंपनीचा माणूस बसवून गेला", "बिल्डरने पॉइंट तिथेच दिला", "वरच्या मजल्यावर पण तसाच आहे". मी म्हणतो, बाहेर घ्या, पाच फूट पाईप वाढेल. उत्तर मिळतं, "तुम्ही लोकं काम वाढवता."

वीज जोडायची तर परवाना असलेला वायरमन लागतो. नियम किती पाळतात तो भाग वेगळा, पण निदान आहे. घरात जाळ पेटवणारी वस्तू बसवायला मात्र मी जे रोज पाहतो त्यानुसार ज्याच्या हातात पाना तो बसवतो. कधी दुकानातला पोरगा, कधी भांडी पोचवायला आलेला टेम्पोवाला. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आणि ज्याला येतं, त्याचं कुणी ऐकत नाही.

डॉक्टर म्हणाला हे औषध नको, तर आपण ऐकतो. वकील म्हणाला ही सही करू नका, तर करत नाही. मिस्त्री म्हणाला इथे बसवू नका, तर आपण दुसरा मिस्त्री शोधतो. त्याला हातांचे पैसे देतो आपण, डोक्याचे द्यायचे असतात हे मनातच येत नाही. लग्नाच्या वेळी मुलीकडचे विचारायचे, मुलगा काय करतो? वडील सांगायचे, "आयटीआय झालाय, स्वतःचा व्यवसाय आहे." प्लंबर हा शब्द त्यांच्या तोंडातून निघायचा नाही. त्यांचं चुकलं असं नाही. त्यांना माहीत होतं शब्द निघाला की पुढचा चहा येणार नाही.

तांबटकाकांच्या घरी हेच. त्यांचा मुलगा बँकेत आहे. काका म्हणायचे, "बरं झालं. इथे दिवसभर ठोकून कान गेले माझे." खरंच त्यांना ऐकू कमी यायचं. पण टकटक करून गळती मात्र ऐकू यायची. २०२१ला काका गेले. ज्या भट्टीवर मी शिकलो तिथे आता दुसरं दुकान आहे.

नुसतं रडून उपयोग नाही, म्हणून जे मला सुचतं ते लिहितो. पटलं तर आपापल्या सोसायटीत, नगरसेवकाकडे, ग्रामपंचायतीत बोला.

१. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, बाल्कनीत किंवा ड्राय एरियात, मोकळ्या हवेत असावा. आत आहे तर आधी बाहेर घ्या. तोपर्यंत पाणी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आत जाऊन कडी लावा. व्हेंटिलेटर कधीही झाकू नका. "थोडी फट आहे" म्हणून निर्धास्त राहू नका.

२. गिझरची ज्योत निळी पाहिजे. पिवळी, काजळी धरणारी दिसली तर वापर बंद, सर्व्हिसिंग करा. अंघोळीत डोकं जड झालं, मळमळलं तर "ॲसिडिटी असेल" म्हणू नका. आधी बाहेर या.

३. शेकोटी, शेगडी, कोळसा बंद खोलीत रात्री ठेवून झोपू नका. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे डोक्यातून काढा.

४. बंब वापरत असाल तर बाहेर ठेवा, रिकामा पेटवू नका, आणि त्याला बंद टाकी बनवू नका. हल्ली काही जण बंबाचं झाकण पक्कं करून वरच्या टाकीचं पाणी जोडतात आणि पुढे नळ लावतात. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पट जागा मागते. वाट नसेल तर बंब फुटतो. टाकीच्या वरपर्यंत जाणारी उघडी नळी ठेवल्याशिवाय असं जोडकाम करू देऊ नका.

५. होमस्टेची तपासणी होते तेव्हा बाथरूममध्ये जाळाची कोणती वस्तू आहे आणि तिची हवा कुठून येते, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. ते बघावं. बिल्डरने बाथरूमच्या आत गॅसचा पॉइंट काढूच नये.

६. आयटीआयमध्ये प्लंबरचा ट्रेड एक वर्षाचा आहे. त्यात एक दिवस फक्त यावर द्या, की कोणतं काम नाकारायचं आणि गिऱ्हाइकाला ते कसं सांगायचं. आणि जे जुने कारागीर अजून आहेत त्यांना मानधन देऊन बोलवा. प्रमाणपत्र नसलं तरी चालेल.

आता मंगळवारच्या फोनचं पुढे काय झालं ते.

त्या साहेबांनी दुसरा मुलगा गाठला. तो माझ्याच हाताखाली दोन वर्षं होता, आता स्वतःचं काम करतो. गुरुवारी रात्री त्याचा फोन आला.

"दादा, ते पाचगणीचं काम मला आलंय. तुम्ही नाही म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग मी काय करू?"

मी त्याला २०१९ची सगळी गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, तुमचं बरोबर आहे. पण तुम्हाला नाही म्हणणं परवडतं. माझा गाडीचा हप्ता आहे, घरभाडं आहे. मी सोडलं तर तिसरा कुणीतरी करेल."

मला राग नाही आला. २०१९ला मी हेच म्हणालो असतो. तो बरोबरच बोलत होता, तिसरा कुणीतरी आहेच.

मी म्हटलं, "नाही म्हणू नकोस. म्हण, बाहेरच्या भिंतीला पडवी काढून देतो, वर मंगलोरी कौलं घालतो, बंब तिथे ठेवतो, बाथरूममधून दिसेल अशी काचेची बंद खिडकी ठेवतो. फोटो पण येईल. आणि खर्च जास्त वाटला तर पडवीची मजुरी माझी, मी येतो."

शनिवारी तो त्यांना भेटला. त्यांनी अजून होकार दिलेला नाही, विचार करतो म्हणालेत. मला नाव माहीत आहे, पत्ता माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. सांगायला गेलेला माणूस मिस्त्री होता, म्हणून ते ऐकलं गेलं नाही, एवढंच.

तुमच्याकडे कामाला आलेला कुणी, गवंडी असो, वायरमन असो, प्लंबर असो, हातातलं काम थांबवून "साहेब, हे असं नको" म्हणाला, तर एकदा "का?" एवढं विचारा. मग हवं ते ठरवा.

आणि आज रात्री घरच्या बाथरूममध्ये जाऊन गिझर कुठे आहे आणि व्हेंटिलेटर उघडं आहे का, ते बघा.